पाऊण तास, रिकाम्या हाताने

३ सप्टेंबर
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
शेत वर्षभरासाठी शेजाऱ्याला वाट्याने दिलंस, फार बरं केलंस. जन्मभर राबलीस, आता बास. डॉक्टरांनी साखरेसाठी सांगितलेला व्यायाम मात्र चुकवायचा नाही. रोज पाऊण तास, हात मोकळे सोडून नुसतं चालायचं. डिसेंबरात साखर उतरली नाही, तर तुला इकडे चौथ्या मजल्यावर घेऊन येणार. कुरकुर चालणार नाही.
रागावलीस तरी माया असू दे.
तुझा धाकटा

१९ सप्टेंबर
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
चालले बाबा! पहिल्याच दिवशी एकाने बांधावरून विचारलं, शेळी हरवली का. दुसऱ्याने विचारलं, कोण आजारी आहे. व्यायाम करतेय म्हटल्यावर शेजारीण पोट धरून हसली आणि मग हळूच म्हणाली, घरात काही बिनसलंय का. आमच्याकडे रिकाम्या हाताने फिरणारा एक तर पाहुणा, नाहीतर वेडा. मेल्याहून मेल्यासारखं झालं रे मला. म्हणून आता हातात खुरपं घेते. नुसतं धरायला हो! आता कोणी विचारत नाही, मी ओढ्यापर्यंत जाऊन येते.
चौथ्या मजल्याचं तेवढं मनातून काढ. तिथे खिडकीत बसून मी करू काय?
तुझी ताई

१० डिसेंबर
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
रिपोर्ट मिळाला. साखर उतरली, शाब्बास! शेतीने झिजलेलं शरीर चालण्याने कसं सावरतं, हे मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीभर सगळ्यांना समजावलं. चौथा मजला रद्द.
जाता जाता सांगतो, ऑफिसच्या तपासणीत माझीही साखर वाढलेली निघाली. चालायचे बूट आणलेत. अजून खोक्यातच आहेत, वेळ कुठे मिळतो!
लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझा धाकटा

२२ डिसेंबर
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
रागावणार नसशील तर खरं सांगते. खुरपं हातात दिसलं की माणसं हाक मारणारच. आधी शेजारणीच्या कांद्यातले दोन वाफे खुरपून दिले, मग तिच्या जावेचे. एक दिवस आपल्याच शेतात तो शेजारी एकटा वाकलेला दिसला, मला राहवेना. तेव्हापासून रोज तिथेच असते, दुपार होते तरी कळत नाही. ओढा काही मी पुन्हा पाहिला नाही. डॉक्टरांना कळवू नकोस. ते सगळ्यांना माझ्या चालण्याचं उदाहरण देतात, बिचाऱ्यांना वाईट वाटेल.
तुझ्या साखरेचं मात्र दोनदा वाचलं. शनिवारी निघून ये. बूट राहू देत खोक्यात. रिकाम्या हाताने ये, खुरपी घरात दोन आहेत. फक्त वाटेत कोणी विचारलं, तर व्यायामाला आलोय म्हणू नकोस. मला याच गावात राहायचंय.
वाट पाहणारी,
ताई