मुंगसानं नेलेली ठिपकी कोंबडी

उत्तरेश्वरा,

तलाठ्याचं दप्तर तपासायला गिरदावर आलाय, मला चावडीवर जावं लागतंय. दुपारी आपल्या सुंदराच्या सासरची माणसं चकलांब्याहून येतील. दोन कोंबडे कापायचेत, मांडामांड तूच कर. गोठ्यामागं लिंबाच्या फांदीला सुंभ बांध, खाली सपाट दगड धुऊन ठेव. हंड्यातलं पाणी उकळू देऊ नको, कातडं फाटतं. घरच्या सुरीला हात लावू नको. तिला नवी धार कशापायी लावलीय, ते मागनं बघू. दगडू मुलाणी नमाज पढून येतील, तेच हलाल करतील. त्याबिगर सोयरे घास घेणार न्हाईत.

पिसं पुरायला सकाळी उकिरड्यामागं खड्डा घेतला, तर माती आधीच भुसभुशीत. आत ठिपक्या कोंबडीची पिसं निघाली. मुंगसानं नेली म्हणला होतास. तुझी वहिनी दोन दिस मुंगसाला शिव्या देत होती, तू बी देत होतास. मुलाण्यांना इचारलं, तर म्हैनाभर आपल्याकडं आलोच न्हाई म्हणले.

अजून घरात कुणाला बोललो न्हाई. कुणी कापली अन् कुणासंगं खाल्ली, ते पंगत बसायच्या आत मला सांग. पिसं झुबक्या-झुबक्यानं चिकटलेली हायेत. मुंगूस काय पाणी तापवून पिसं काढत न्हाई.

गहिनीनाथ