आईच्या डोळ्याचं चित्र

४ मार्च

जमलं! जमलं! जमलं!

नेहमीच्या फक्त पाव पट मोजणीतून डोळ्याच्या पडद्याचं अख्खं चित्र उभं राहिलं. तेही स्वच्छ — थर सगळे सुटे, एकावर एक. आता डोळ्यात प्रकाश सोडला, परत आला त्यातला थोडासा मोजला, की काम संपलं. उरलेलं चित्र गणित भरून काढतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच!

शेजारच्या टेबलावरचा शंकासुर (त्याचं खरं नाव हल्ली कुणी घेत नाही) म्हणाला, "न मोजलेलं भरतेस कशावरून?"

"आधी पाहिलेल्या डोळ्यांवरून."

"कुणाच्या?"

"आपल्याच की!"

प्रयोगशाळेत पेशंट कुठून आणायचे? आपलीच हनुवटी यंत्रावर टेकायची. सगळ्यात जास्त वेळा माझी. माझा डोळा हुकमी आहे, हलत नाही.

६ मार्च

शंकासुर अजून कुरकुरतोय. कुरकुरू दे.

९ मार्च

आईला उजव्या डोळ्याने मधली अक्षरं पुसट दिसतात. डॉक्टरीणबाईंना पडद्यात पाणी साठल्याचा संशय आहे. तसं असेल तर इंजेक्शन लगेच हवं, गेलेली नजर परत येत नाही. पण आईची मान थरथरते. दवाखान्यातलं यंत्र सावकाश चालतं, दर वेळी नुसती गिचमिड निघाली. "चित्राशिवाय डोळ्यात सुई घालणार नाही," बाई म्हणाल्या.

मग माझी पद्धत कशाला आहे? आईला इकडेच आणते!

१४ मार्च

आई आली. यंत्राकडे बघून म्हणाली, "याच्यापायी तुला जेवणाची शुद्ध नसते होय?" मान थरथरत होती. थरथरू दे म्हटलं, मला एक क्षण पुरतो.

"झालं? अगं, मी अजून श्वाससुद्धा रोखला नव्हता!"

चित्र देखणं आलं. निरोगी पडद्याला असतो तो मधला खळगा रेखीव, पाण्याचा टिपूस नाही. आईला मिठीच मारली. डोळ्यांत पाणी आलं — माझ्या! दादाला फोन केला. बाईंना चित्र पाठवलं. शंकासुराला मुद्दाम बोलावून दाखवलं. "छान आहे. फारच छान आहे," एवढंच म्हणाला.

जळतोय मेला.

१६ मार्च

बाईंचा फोन. "पडदा निर्मळ दिसतोय. तूर्त इंजेक्शन नको." म्हणजे माझ्या पद्धतीवर दवाखान्याने टाकलेला पहिला विश्वास! दिवसभर जमिनीवर पाय नव्हते.

२७ मार्च

आई म्हणते, दाराची चौकट मधेच वाकडी दिसते. म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढला असेल. पडदा मी स्वतः बघितलाय, आई." लगेच पटलं तिला. माझ्यावर तिचा फार विश्वास.

२८ मार्च

अहवालात लावायला आईच्या डोळ्याचं चित्र आणि माझ्या डोळ्याचं चित्र शेजारी घेतलं. मग सहज एकावर एक ठेवलं.

थर न् थर जुळला. खळगासुद्धा. आईच्या थरथरीमुळे मोजणी जवळजवळ कोरीच आली होती, आणि गणिताला पाठ होता तो डोळा त्याने काढून दिला.

बाईंना कळवलं. "आत्ता घेऊन ये," म्हणाल्या. आई चप्पल घालतेय. तिला अजून सांगितलेलं नाही की इतके दिवस तिचं इंजेक्शन थांबलं, कारण माझा डोळा ठणठणीत आहे.