न जळालेल्या पंपाच्या दुरुस्तीबाबत

प्रति,
मा. जिल्हा समन्वयक,
हरित रोजगार समन्वय कक्ष,
वाशीम.

अर्जदार : शेख रज्जाक शेख मेहबूब, वय ५४, व्यवसाय मोटार वाइंडिंग, रा. मंगरूळपीर.

विषय : दहा दिवसांच्या सौर पंप प्रशिक्षणात नऊ दिवस प्रशिक्षणाचाच पंप दुरुस्त करीत असल्यामुळे लागलेली गैरहजेरी रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) हरितशिखर कौशल्य केंद्राची अपात्रता यादी, दि. १५/१२/२०२५. २) आपल्या कक्षाचे पत्र, दि. ०९/०१/२०२६.

महोदय,

१. दि. १ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी हरितशिखर कौशल्य केंद्राच्या आवारातील सौर पंपाची मोटार जळाली. सौर पंप दुरुस्तीचे तंत्रज्ञ घडवणारे प्रशिक्षण सुरू होऊन तेव्हा वीस मिनिटे झाली होती. पंप टाकीत होता, टाकीत पाणी नव्हते. पाणी नसल्यास पंप आपोआप बंद करणारी तार कंपनीने दिलेल्या पुडीत होती आणि पुडी कपाटात होती. कपाटाला कुलूप व्यवस्थित लावलेले होते, हेही नमूद करणे न्यायाचे होईल.

२. अर्जदार त्या वेळी तिसऱ्या रांगेत प्रशिक्षणार्थी म्हणून बसला होता. तेहतीस वर्षे तो विजेवरच्या पंपांच्या मोटारी भरत आला आहे. आता तालुक्यातल्या विहिरींवर सौर पंप बसत आहेत आणि ते उघडण्याचा अधिकार कंपनीने फक्त प्रमाणपत्रधारकांना दिला आहे. इतर कोणी हात लावला तर पंपाची हमी रद्द होते. म्हणजे प्रमाणपत्र नाही तर अर्जदाराच्या हाताला काम नाही. तो एवढ्याचसाठी आला होता. प्रशिक्षक श्री. उत्कर्ष भगत त्याच्याजवळ येऊन म्हणाले, "चाचा, तुमी मांगच्या शेडात बसून एवढी मोटार भरून द्या. हजेरीचं मी पाह्यतो."

३. जळालेली तार उपसून, वेढे मोजून, नवी तार भरून अर्जदाराने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटार चालू करून दिली. चौथ्या दिवशी 'पाण्याविना पंप सुरक्षित कसा राहतो' या पाठाचे प्रात्यक्षिक झाले आणि ती पुन्हा जळाली. सातव्या दिवशी समारोपाची रंगीत तालीम झाली, त्यात ती तिसऱ्यांदा जळाली. अर्जदाराने कपाटातील पुडी मागितली असता, ती साठा नोंदवहीत चढलेली असल्याने फोडता येत नाही, असे त्याला सांगण्यात आले.

४. दहाव्या दिवशी समारोप झाला. पाइपचा सांधा गळत होता म्हणून अर्जदारास कापडी फलकामागे तो दाबून धरण्यास उभे केले गेले. केंद्राच्या अहवालात या प्रसंगाचे रंगीत छायाचित्र आहे. त्यात पाण्याची धार, प्रमुख पाहुणे आणि प्रमाणपत्रे उंचावलेले सत्तावीस तंत्रज्ञ दिसतात. फलकावर 'कुशल हात, हरित भविष्य' असे लिहिले आहे. फलकाच्या खाली दोन पाय दिसतात. ते अर्जदाराचे आहेत.

५. दि. १५ रोजी यादी लागली. अर्जदाराच्या नावापुढे शेरा होता : 'नऊ दिवस गैरहजर. प्रशिक्षणात रस नाही.' श्री. भगत यांना विचारता ते म्हणाले, "मी पाह्यलं न, चाचा! पण हजेरीचं अ‍ॅप हॉलमधीच चालते. शेड त्याच्या नकाशातच नाही."

६. त्यानंतर अर्जदार आपल्या कक्षात चार वेळा आला. पंप जळाल्याचे केंद्राचे पत्र आणावे, असे लिपिक श्री. देवमन राठोड यांनी सुचवले. केंद्राने पत्राऐवजी आपल्या अहवालाची प्रत दिली. तीत 'प्रात्यक्षिक पंप दहाही दिवस अखंड सुरू होता' असे वाक्य आहे. ते वाचून श्री. राठोड म्हणाले, "जो पंप जळालाच नाही, तो तुमी दुरुस्त कसा केला, चाचा? असं खोटं लिहून मांगू नका." तेव्हा अर्जदाराने छायाचित्र सादर केले. त्यावर 'पायांवरून ओळख ग्राह्य धरता येत नाही' असे आपले पत्र आले. अर्जदार त्याच चपला घालून पुन्हा हजर झाला. श्री. राठोड यांनी टेबलाखाली वाकून त्या नीट पाहिल्या आणि म्हणाले, "अशा तं माह्याही घरी हायेत." कक्षाने या प्रकरणात केलेली प्रत्यक्ष पाहणी ती एवढीच.

७. त्याच पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात दोन गोष्टी कळवल्या आहेत. अर्जदारास तेहतीस वर्षांचा अनुभव असल्याने अकुशलांसाठीच्या पुढील तुकडीत त्याला घेता येत नाही. आणि प्रमाणपत्र नसल्याने त्याचा अनुभव मोजता येत नाही. दोन्ही वाक्यांखाली सही एकच आहे. आपल्या प्रसिद्धिपत्रकात मात्र जिल्ह्यात हरित ऊर्जेची सत्तावीस नवी करिअर उभी राहिल्याचे म्हटले आहे. अर्जदाराने चौकशी केली. त्यांपैकी सव्वीस जण दुसऱ्या कामाला लागले आहेत. तालुक्यात पंपाचे काम करणारे एकटे श्री. रतनसिंग चव्हाण उरले आहेत.

८. काल, दि. १९ रोजी, श्रीमती धनीबाई यांच्या शेतातील सौर पंप बंद पडला. गहू ओंबीवर आहे. दुपारी श्री. रतनसिंग यांनी शेतातून अर्जदारास फोन केला, "चाचा, याचं झाकण कोण्या बाजूनं खुलते?" अर्जदार तेथे गेला. हमी रद्द होऊ नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे धरून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिला आणि तेथून सांगत गेला. श्री. रतनसिंग पाना फिरवत होते. धनीबाई म्हणाल्या, "रज्जाकभाऊ, हाताले मेहंदी लावली का?" चाचांना परवानगी नसल्याचे श्री. रतनसिंग यांनी सांगितले. त्यावर बाईंनी विचारले, "परवानगी तुले हाय, तं त्याले कायले इचारून राह्यला?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या कक्षाकडे असल्यास बाईंना परस्पर कळवावे.

९. श्री. रतनसिंग यांनी इमानेइतबारे कंपनीला कामाचा अहवाल पाठवला आणि त्यात अर्जदाराचे नाव लिहिले. आज सकाळी ९ वाजता त्यांना कंपनीचा संदेश आला की, अनधिकृत व्यक्ती शेतात उभी राहिल्यास हमी रद्द समजावी. त्यामुळे सकाळपासून अर्जदार दुकानातून फोनवर सांगत आहे. मोटार उघडून ताडपत्रीवर ठेवली आहे, निम्मी तार उपसून झाली आहे.

सबब विनंती की, गैरहजेरी रद्द करून अर्जदारास प्रमाणपत्र द्यावे. ते शक्य नसल्यास केंद्राचा पंप जळाला नव्हता असे लेखी द्यावे, आणि मग अर्जदार नऊ दिवस शेडात काय करत होता, हेही त्याच पत्रात लिहावे.

मोटारीपासून नियमाप्रमाणे दूर बसलेला,
आपला नम्र,
(सही)
शेख रज्जाक शेख मेहबूब
मंगरूळपीर, दि. २०/०१/२०२६

सोबत : १) समारोपाचे छायाचित्र, पायांभोवती शाईने गोल केलेले. २) केंद्राच्या अहवालाची प्रत. ३) शेडातून परत आणलेली जळकी तार, तीन वेटोळी.

ता. क. : श्री. रतनसिंग यांनी फोनचेही इमानाने कळवल्यावर दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी कंपनीचा दुसरा संदेश आला. फोनवरून सांगणे हेही काम धरले जाईल. त्यानंतर श्री. रतनसिंग यांचा फोन तीनदा येऊन गेला. आता चौथ्यांदा वाजत आहे. तो उचलावा किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे. धनीबाईंच्या गव्हाचे पाणी बंद आहे.