दुसरी डबी

९ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार

प्रिय छबू,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि पेन तिथेच अडलं. तो मनात आहे असं धर.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. सोळा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. चारच ओळी, पण मी त्या दहा वेळा वाचल्या. "लेकीला बारावं लागलंय. कपाळावर आणि हनुवटीवर फोड येतात, आरशासमोरून हलत नाही. तू औषधांच्या दुकानात आहेस असं आईकडून कळलं. रोज तोंड धुवायला चांगलं आणि इथे सहज मिळेल असं काय, ते कळव."

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जिभेची धार कमी झालेली नाही. परवा तपासायला आलेल्या डॉक्टरांनाच म्हणाली, "तुम्ही आधी सरळ बसा, पोक येतंय तुम्हाला." माझं दुकान नऊला उघडतं. मालक मागे बसून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतात, मी पुढे काउंटर सांभाळते. आत्ता जेवणाची सुट्टी आहे. शटर अर्धं खाली ओढून, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितेय.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. म्हणजे पुढे पत्र फेकून द्यावंसं वाटलं, तरी कामाचं तेवढं हाती राहील.

सौम्य फेसवॉश घे. वास नसलेलं, साबण नसलेलं, कमी फेस होणारं. अशी बाटली दिसायला अगदी गरीब असते, आणि बहुतेक दुकानांत खालच्या फळीवर पडलेली असते. वाकून शोध. "गोरेपणा", "सात दिवसांत उजळ" असलं काही छापलेलं असेल तर ती होती तिथे परत ठेव. आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघ. लाल झालं नाही तरच चेहऱ्याला. सकाळी एकदा आणि झोपण्याआधी एकदा, कोमट पाण्याने, बोटांच्या टोकांनी. घासायचं नाही. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. खरखरीत दाण्यांचं काहीही नको. फोड फोडू देऊ नकोस. दीड-दोन महिने धीर धर. फोड मोठे आणि दुखरे असले, किंवा खड्डे पडायला लागले, तर शेजारणीला विचारू नकोस, मलाही विचारू नकोस, सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे ने. आणि पोरीला सांग, फोड आले म्हणजे ती अस्वच्छ आहे असं नाही. त्या वयात हे कुणी सांगत नाही.

हे ऐकीव नाही. सहा वर्षांपूर्वी दुकानात लागल्यापासून एकेक बाटली मी स्वतःच्या चेहऱ्यावर महिना महिना वापरून पाहिली, शेवटी ही गरीब बाटलीच टिकली. एकीने गाल ताणल्यासारखे झाले, एकीने पापण्या अशा सुजल्या की आई म्हणाली, "कुणाशी मारामारी करून आलीस?" मालक हसतात. "बाई, या वयात चेहरा कुणाला दाखवायचाय?" मी म्हणते, गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

खरं कारण वेगळंच आहे.

तोंड धुताना डोळे मिटावेच लागतात. फेस असतो. तेवढ्या चार-पाच क्षणांत माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहतं आणि विचारतं, "तुम्ही स्वतः लावता का हो हे?" मी डोळे उघडते, ते झोंबतात, मागे दोरीवरचा टॉवेल असतो. रोज सकाळी. वेड लागलंय म्हणशील. लागलं असतं तर बरं झालं असतं, असंही कधी वाटतं.

तो आवाज कुणाचा, हे तुला कधी सांगितलं नाही.

तुला पार्लर आठवतं तसं मलाही आठवतं. मी तिथे नवी, केस झाडण्यापासून वर चढलेली. मॅडम स्वतः घोटून करायच्या ती मलई, रात्रभर ठेवायची आणि सकाळी धुवायची. मोठी पांढरी डबी, तीन-चार महिने पुरायची, वर कसलंही नाव नाही. तू एकोणीसची. त्या हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या नोकरीसाठी मुलाखत होती आणि गालभर फोड. मी पहिली डबी आणली तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, हे देवाशपथ खरं. आठवड्यात तुझा चेहरा असा निवळला की गल्लीतल्या बायका थांबून बघायच्या. नोकरी लागली. मॅडमनी तुझे दोन फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा, आणि दारासमोरच्या भिंतीवर लावले. मला म्हणाल्या, "तुझी बहीण म्हणजे आपली पाटी आहे. आता गिऱ्हाइकांशी तू बोलायचं." झाडू सुटला. मी हवेत होते.

मग एक शिक्षिका आल्या. बारीक, चष्म्याच्या, खडूचे हात. डबी उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः लावता का हो हे?" मी लावत नव्हते. माझी कातडी चांगली, मला गरजच नव्हती. मी भिंतीकडे बोट दाखवलं. "माझी सख्खी बहीण लावते. बघा."

त्यांनी घेतली. तीन महिन्यांनी तोंडाला रुमाल बांधून आल्या. दारातच रुमाल सोडला. छबू, भाजल्यासारखं होतं गं. कातडीखालून लाल शिरा दिसत होत्या. म्हणाल्या, "लावली तर आग, सोडली तर दुप्पट आग. डॉक्टर म्हणतात यात तीव्र औषध मिसळलंय. वर्गात पोरं बघत नाहीत माझ्याकडे." मॅडमनी त्यांना आत नेलं, दार लावलं. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "एखादीला सोसत नाही. तोंड मिटून काम कर."

हे झालं मंगळवारी. शुक्रवारी तुझी डबी संपली आणि तू म्हणालीस, "ताई, दुसरी आण ना." मी आणली.

तू आजवर समजत आलीस की ताईला माहीत नव्हतं. घरात आई तेच बोलली, मी तिला बोलू दिलं. मला माहीत होतं. मनाला सांगत होते, एखादीला सोसत नाही, हिला सोसतंय. खरं म्हणजे तू थांबली असतीस तर भिंतीवरचा फोटो खोटा पडला असता, आणि माझ्या हातात पुन्हा झाडू आला असता.

पुढचं तुला माहीत आहे. पावडरीखालून लाली दिसायला लागली, हॉटेलवाल्यांनी तुला पुढच्या टेबलावरून मागच्या खोलीत बसवलं, मग घरीच. तू एकच मागितलंस, "तो फोटो काढ." मी म्हणाले, मॅडमना सांगते. सांगितलंच नाही. पाच महिन्यांनी तू स्वतः पार्लरमध्ये आलीस, भिंतीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि गेलीस. त्यानंतर मला तुझी पाठच दिसत राहिली. वर्षभरात मॅडम गाशा गुंडाळून निघून गेल्या. कुणी तक्रार केली म्हणून नाही. मी तर नाहीच केली.

मागच्या महिन्यात त्या शिक्षिका दुकानात आल्या. केस पांढरे झालेत. गालांवर अजून जाळी आहे, पण रुमाल नव्हता. मला ओळखलं नाही. म्हणाल्या, "रोज तोंड धुवायला काहीतरी साधं द्या, झोंबणार नाही असं." मी खाली वाकले, बाटली काढली. त्यांनी विचारायच्या आतच मी बोलून गेले, "मी स्वतः वापरते. दोन वर्षं झाली." मग थांबताच येईना. सगळं सांगितलं. पार्लर, फोटो, मंगळवार, शुक्रवार. मागे मालकांच्या कागदांची सळसळ बंद झाली.

मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर सुटले असते. त्यांनी बाटलीवरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "त्या फोटोतल्या मुलीचा मला फार राग यायचा. म्हणजे तिलाही फसवलंत तर." आणि चष्मा वर करून विचारलं, "तिचा चेहरा कसा आहे आता?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

"बहीण ना तुमची?"

त्या बाटली घेऊन गेल्या. दुपारभर मी कुणाला काय दिलं ते मालकांनी पुन्हा तपासून घेतलं, इतकं माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आईला मी दर वेळी विचारत आले, छबू बरी आहे ना, लेक शाळेत जाते ना, घर मोठं आहे ना. ते एक सोडून सगळं. आणि आताही बघ, पानंच्या पानं भरली, तुझ्या लेकीचा चेहरा कसा धुवायचा ते सांगितलं, तुझ्याबद्दल चकार शब्द नाही.

मी इथून बाटली पाठवणार नाही. माझ्या हातून तुझ्या घरात तसली वस्तू येऊ नये. तू दुकानात जा, झाकणाचं सील बघ, मागची अक्षरं वाच आणि स्वतः ठरव. मी सांगितलं म्हणून घेऊ नकोस.

कसा आहे गं तुझा चेहरा? उन्हात अजून आग होते का? पोरीने कधी विचारलं का, आई, हे काय झालं म्हणून? विचारलं असेल तर तू काय सांगितलंस? माझं नाव घेतलंस, की मला वाचवलंस? नसेल सांगितलं, तर आता सांग. खरं ते सांग.

दुसरी डबी देताना जिला सगळं ठाऊक होतं, ती
तुझी ताई