पिंजऱ्यासमोर उभं राहून

१८ सप्टेंबर, तेर

वही, माफ कर. जूननंतर एक ओळ नाही. कारण देण्यासारखं काही नाही, निव्वळ कंटाळा. आज लिहायला बसले, कारण चिडायला घरात दुसरं कुणी नाही.

आईचा ताप उतरला, पण चिकनगुन्यानं सांधे धरलेत. कॉलेजला रजा टाकून धाराशिवहून आले. सोबत एका प्रयोगशाळेचा जाडजूड प्रस्ताव. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या त्यांच्या समितीवर मी बाहेरची सभासद. विषय: माकडांना चिकनगुन्याची लागण करून नवं औषध तपासणं. नेमका हाच, नेमका आत्ता.

१९ सप्टें.

अंगणातली दगडी डोणी. उन्हाळ्यापासून आई ती वानरांसाठी पाण्यानं भरून ठेवते. आज वाकून पाहिलं तर अळ्या वळवळतायत. इतकी वर्षं डासाचं जीवनचक्र शिकवते, फळ्यावर हीच अळी काढते, आणि ती माझ्याच अंगणात. ओतली, घासली, उन्हात कोरडी केली. दुपारी बघते तर पुन्हा भरलेली.

"मुकी जनावरं हायत. मारुतीची. त्यांनी कुठं जावं?"

"आई, त्यातल्याच डासांनी झोपवलं तुला."

"तो डास माझ्याच डोणीतला व्हता कशावरून? नाव लिवलं व्हतं का त्याच्यावर?"

नव्हतं. शास्त्राच्या हिशेबानं तिचं बरोबर. म्हणून जास्तच चिडले. असल्या हातांनी डोणी भरली कशी, हे विचारायचं राहूनच गेलं.

२१ सप्टें.

प्रस्ताव वाचून झाला. काम चांगलं आहे, माणसं गंभीर आहेत. अडचण एकच. लागण झालेल्या माकडांना वेदनाशामक द्यायचं नाही, नाहीतर नव्या औषधाचा गुण कळणार नाही. वेदना फार झाली तरच द्यायचं. फार म्हणजे किती? तर कर्मचारी सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्यासमोर उभा राहून बघणार: खातं का, नीट बसतं का, हात वापरतं का. त्यावरून वेदनेला गुण.

ठीक वाटलं. "हरकत नाही" असं लिहून टाकलं. पाठवायला गेले तर नेटवर्क नाही. गच्चीवर फोन घेऊन उभी राहिले, तर तेवढ्यात सरांचाच आला. सर म्हणजे समितीचे अध्यक्ष. "मॅडम, तुमचंच तेवढं राहिलंय." तोही अर्ध्यात तुटला, मत पाठवायचं राहिलंच.

२२ सप्टें.

शेजारच्या शकीलाभाभी खिचडी घेऊन आल्या. आई भिंतीला न टेकता ताठ बसली.

"लई बरं हाय आता." चहाचा कप उचलूनही दाखवला.

"अम्मा, तुमी तर नवरीसारख्या बसल्यात."

"मग बघ की कुठं स्थळ."

दोघी हसत सुटल्या. मलाही वाटलं, उतार पडला. कॉलेजला परत कधी जायचं, ते मनात ठरवूनही टाकलं.

भाभी गेल्या. मी डबा घासायला आत आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई दिसली, डोणीपाशी. तांब्या बोटांत नव्हता, दोन मनगटांत दाबून धरलेला. बोटं मिटतच नव्हती. एक तांब्या ओतायचा, मग थांबायचं. तोंड उघडं, आवाज नाही. माझ्या हातातलं झाकण पडलं, तशी तिनं तांब्या खाली ठेवला, पदर सारखा केला.

"काय गं, चहा टाकू का परत?"

पाहणारा समोर असला की जनावर दुखणं लपवतं. हे मी दरवर्षी वर्गात सांगते. परीक्षेतही विचारते. आणि काल "हरकत नाही".

२३ सप्टें.

सरांना फोन केला. म्हटलं, समोर माणूस नसताना कॅमेऱ्यातून बघा, पहाटेचं विशेष, आणि त्यावरून गुण द्या.

"मॅडम, म्हणजे सगळी मंजुरी पुन्हा. काही महिने तर सहज जातील. आणि हे औषध तुमच्या आईंसारख्यांसाठीच आहे ना?"

आहे. रजेचं कारण मीच त्यांना सांगितलं होतं, ते त्यांनी वापरलं. राग आला. पण खोटं कुठं बोलले?

आई दुखण्यात आहे म्हणून अडवतेय मी, की आई दुखण्यात आहे म्हणूनच अडवू नये? आणि पाहिलं तरी किती? एकदा, तेही न ठरवता. विद्यार्थ्यानं एवढ्यावर निष्कर्ष काढला असता तर मी त्याला…

आईलाच सरळ विचारलं, किती दुखतं.

"तू आलीस की कमी व्हतंय."

हे कुठल्या रकान्यात भरायचं.

फोनवरचं तिनं ऐकलं होतं. मग तिनंच विचारलं, "ती पिंजऱ्यातली आपल्या वानरांवानीच का?"

"नाही, लाल तोंडाची."

"त्यांच्यापाशी कोण असतंय?"

"माणूस असतो. सकाळ-संध्याकाळ येऊन बघतो."

"मग बरं हाय. एकटी न्हायत."

मी उठून डोणीकडे गेले.

डोणीवर तह झाला: रोज मी उपसायची, घासायची, ताजं पाणी भरायचं, तिनं हात लावायचा नाही. मी गेल्यावर कोण, हे दोघीही बोललो नाही. नेटवर्क आज चांगलं आहे. "हरकत नाही" खोडलंय, त्या जागी काही लिहिलं नाही. सरांना उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय.

उद्या: आईच्या आधी उठून, दिवा न लावता, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचं.