बिरूच्या रणगाड्याची वाघर

प्रिय बिरू,

तुझ्या दगडावरचा मजकूर उद्या पाथरवटाच्या हाती द्यायचा आहे, म्हणून आज तुला लिहायला बसलो. दगड चावडीसमोर उभा राहणार. कचेरीतून आलेला मजकूर असा: "शत्रूच्या अकस्मात हल्ल्यात रणगाड्यात वीरमरण."

अकस्मात! तो शब्द वाचून मी चष्माच काढून ठेवला. मामलेदार म्हणाले, "शुद्धलेखन तेवढं बघा, गुरुजी."

परवा तुझा सोबती नाना सांगलीला आला होता. तुझ्या रणगाड्यावर तोफ चालवणारा, खंडाळ्याचा. त्याचा डावा हात भाजून आखडलाय. चहाचा पेला त्याने उजव्या हातात धरला आणि सगळं सांगितलं.

ब्रह्मदेशातल्या त्या शहरात शिरायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं ना रे, की माळावर राजा असलेला रणगाडा गल्लीत आंधळा होतो? भिंतीआडून एखादा जपानी पळत येतो, पत्र्याला सुरुंग चिकटवतो, आणि आतली माणसं आतच राहतात. म्हणून तुम्ही पडक्या बंगल्याच्या कुंपणाची तारेची जाळी काढून आणलीत. नानाने ती रणगाड्याला गच्च आवळली, तर तू हसलास म्हणे!

"आरं नाना, चिटकून लावली तर लांडगा जाळीतनंच तोंड घालतोय. वाघर मेंढरापास्नं हातभर लांब पायजे, गड्या!"

"ह्यो रणगाडा हाय का मेंढी?"

"आत बसल्यावर आपुन मेंढरंच की रं!"

हे ऐकताना मला तुझं लहानपण आठवलं. रात्री मेंढरं कोंडायची जाळी, ती वाघर, आळसाने त्यांना खेटूनच लावली होतीस, आणि लांडग्याने जाळीतूनच कोकराची मान धरली. त्या दिवशी तू जेवला नाहीस. तो धडा तू किती लांबवर नेलास, बिरू!

तुम्ही लोखंडी दांडे जोडून जाळी हातभर बाहेर उभी केलीत. मग तपासणीला साहेब आला. "हे काय, कोंबड्यांचं खुराडं?" सरकारी रणगाड्याचं रूप बिघडतं म्हणून त्याने उभ्या उभ्या ती उतरवायला लावली. तुझा रणगाडा गल्लीत शिरला तो तसाच, उघड्या अंगाने. भिंतीआडून सुरुंग घेऊन एक जण आलाच; नाना भाजत बाहेर पडला, तू आतच राहिलास.

तू तरी का उतरवलीस रे? जन्मात मामाचं एक ऐकलं नाहीस, आणि तिथे मात्र "जी साब"? रागावतो आणि लगेच लाज वाटते. हुकूम मोडला असतास तर काय झालं असतं, हे मला वर्गात बसून काय कळणार?

पण पुढचं ऐक. तुझ्यामागे वरून हुकूम आला: सगळ्या रणगाड्यांना जाळी बसवा, पत्र्यापासून अंतर ठेवून. त्याच साहेबाने उभं राहून बसवून घेतली! नाना म्हणाला, "गुर्जी, त्यानं बिरूचं नावसुदीक काडलं न्हाई."

आणि आम्ही दगडावर लिहायचं, अकस्मात?

मी कचेरीत गेलो. मामलेदार म्हणाले, "मेलेल्याचा मान ठेवा, गुरुजी. दगडावर तक्रार शोभत नाही."

"आणि खोटं शोभतं?" मी विचारलं. आवाज चढला होता. चढू दिला.

तरी घरी येऊन मी स्वतःला तपासलं. जाळी असती तर तू वाचला असतास का? मला माहीत नाही. नानालाही नाही. तेव्हा तसं लिहिणार नाही. मला एवढंच माहीत आहे की जाळी होती, आणि ती काढायला लावली. मी कोऱ्या कागदावर लिहिलं: "याने रणगाड्याला वाघर लावली होती. ती उतरवायला लावून याला गल्लीत पाठवलं."

तुझ्या आईला वाचून दाखवलं. आक्काने कागद हातात घेतला. मग म्हणाली, "दादा, ह्ये कोरू देत्याल का?"

"नाही दिलं तर?"

"मग कोराच हुबा करा. लोक इचारत्याल, कोरा का म्हून. मी हाय की सांगाया."

बिरू, तुला शब्द देतो. उद्या पाथरवटाच्या हाती माझा कागद जाईल. कचेरीने अडवला, तर दगड कोरा राहील. अकस्मात हा शब्द तुझ्या नावाखाली मी कोरू देणार नाही. आणि आक्का सांगून दमली, की तिच्या शेजारी बसून पुढचं मी सांगेन.

तुझा,
मामा