काटापावतीचा मालक कोण

उमरखेड, फेब्रुवारी २००५, गुरुवार

चैन नाही. उद्या चौकात सॉफ्टवेअरच्या पेटंटविरुद्ध बोलायचं आहे. सरकारच्या वटहुकुमाने ते दार उघडलंय. वकील पोसणाऱ्या कंपन्या आत शिरतील, छोटे बाहेर राहतील. भाषण तयार होतं. मग विनोदच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

जिनिंगवर कापसाच्या गाडीचं वजन होताच काटापावती छापणारा प्रोग्राम त्याने एकट्याने रचला. यंदा कापसाचा भाव पडलेला, जिनिंगवाले हात आखडून. त्यात बाभुळगावच्या एकाने विनोदचाच प्रोग्राम पाहून तसाच स्वस्तात बनवला. विनोदची दोन गिऱ्हाइकं गेली.

"भाऊ, मलेच पेटंट भेटलं त तुमच्या पोटात काहून दुखते?"

मी विचारलं, तुझी पावती मराठीत कधी झाली? आधी तर इंग्रजी होती.

तो हसला. "त्या बाभुळगाववाल्याची पाहून केली. गाडीवाले तशीच मांगून राह्यले होते."

"आणि मराठी पावतीचं पेटंट त्याने घेतलं असतं तर?"

विनोदने मान डोलावली. मी जिंकलो. पण जिंकून काय? त्याची गिऱ्हाइकं परत येणार आहेत का? एकमेकांचं पाहूनच धंदा सुधारतो, ती मराठी पावतीच त्याचा पुरावा. पण ज्याने आधी मेहनत केली, त्याने जगायचं कसं? याचं उत्तर माझ्या भाषणात नाही. उद्या विरोधच करीन, पण हे आधी कबूल करीन.

निघताना म्हटलं, ये ऐकायला.

"येतो ना. पण मांगं बसीन. गिऱ्हाईक आलं त मले उठा लागन."